कान्हेरीचा डोंगर आणि आमच्या पत्रकातली चूक

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या आपल्या माणसाला कान्हेरीची वाट सांगावी लागत नाही. बुद्धपौर्णिमा आली की वस्तीवस्तीतून जथ्थे निघतात. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, लहान मुलांच्या हातात पंचशील ध्वज. तीन नंबरच्या चैत्यगृहात त्रिसरण-पंचशील होते, मग बाहेर सावली बघून जेवणाचे डबे उघडतात आणि उन्हे कलली की मंडळी बोरिवली स्टेशनाकडे परततात. आम्हीही वीस-पंचवीस वर्षे असेच जात आलो. एवढ्या वर्षांत डोंगराच्या माथ्यावर मात्र आमचे पाऊल पडले नव्हते. आणि या डोंगराला कान्हेरी हे नाव कसे पडले ते आपल्याला पक्के ठाऊक आहे, अशा समजुतीत आम्ही होतो. ती समजूत कशी फिटली, त्याची ही हकीकत.

आधी आमच्या पत्रकाविषयी सांगितले पाहिजे. २००९ साली बुद्धपौर्णिमेच्या सहलीसाठी आम्ही चार पानी पत्रक काढले होते. मजकूर आमचाच. त्यात आम्ही ठासून लिहिले होते की, ही बौद्धांची लेणी असताना पुढे कोणीतरी मुद्दाम या डोंगराला कान्ह्याचे, म्हणजे कृष्णाचे, नाव चिकटवले आणि आपला इतिहास पुसला. याला आधार काय, असे कोणी विचारले नाही आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही. उद्यानाच्या पुढच्या भागाला कृष्णगिरी उपवन म्हणतात, एवढा पुरावा आम्हाला पुरेसा वाटला. पत्रकाच्या एक हजार प्रती छापल्या. त्यातल्या सातएकशे वाटल्या गेल्या आणि उरलेला गठ्ठा आमच्या घरच्या माळ्यावर चढला. तेच वाक्य पुढे आम्ही दरवर्षी लेण्यासमोर उभे राहून बोलत गेलो. टाळ्या पडत. टाळ्या पडल्या की माणसाला आपले म्हणणे खरेच वाटू लागते.

२०२५ साली १२ जानेवारीला रविवार होता. दोन दिवसांवर मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन आलेला. आमच्या शाखेने ठरवले की यंदा व्याख्यान नको, मुलांना घेऊन कान्हेरीला जाऊ, आणि तेही पौर्णिमेच्या गर्दीत जातो तसे न जाता पार वरपर्यंत. अडतीस माणसे जमली. त्यात बारा मुले, नऊ उपासिका आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी. आजी मूळच्या खेडकडच्या, पण लहानपण सगळे इकडच्या दगडाच्या खाणींवर गेलेले. वडील सुरुंगाची भोके मारायचे, आई खडी फोडायची. “मी मधीच बसले तर मला ठेवा नि तुम्ही पुढं जा,” एवढीच त्यांची अट.

वाचकांच्या सोयीसाठी वाट थोडक्यात सांगतो. पश्चिम रेल्वेने बोरिवलीला उतरून पूर्वेला यावे, किंवा २०२२ पासून मेट्रोही आहे, तिचे राष्ट्रीय उद्यान हे स्थानक दाराजवळच पडते. दारापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरची डांबरी सडक आहे. पायी गेले तर रमतगमत दोन तास लागतात आणि दहिसर नदी, साग, पळस, बांबू बघत जाता येते. म्हातारी माणसे आणि कडेवरची मुले असतील तर आतल्या बसने लेण्यांच्या पायथ्याशी जावे. तिकिटे दोन ठिकाणी काढावी लागतात. एक उद्यानाचे, दुसरे वर पुरातत्त्व खात्याचे. सोमवारी बंद असते, तेव्हा सुटी टाकून सोमवारी जाऊ नये. आमच्या ओळखीतले एक कुटुंब कळव्याहून असे हेलपाटा घालून आले आहे. पायथ्याला आदिवासी बाया काकडी, पेरू, बोरे विकायला बसतात. चार पैसे त्यांना द्यावेत, पण फळ उघडे हातात धरून चढू नये. माकडे ते हिसकावतात, आणि मूल घाबरून पायऱ्यांवर पडण्याची भीती असते.

तीन नंबरचे चैत्यगृह आपण सर्वांनी पाहिलेले आहे. दोन्ही बाजूंना चौतीस खांब, टोकाला स्तूप, आणि बाहेर ओसरीच्या दोन टोकांना सुमारे बावीस फूट उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती. चैत्यगृह गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे. ते गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी कोरविले. दोन्ही मूर्ती त्यानंतर तीनेकशे वर्षांनी आल्या. खांबांचे माथे नीट पाहावेत. काहींवर हत्ती सोंडेने बोधिवृक्षाला पाणी घालताना दाखविले आहेत. मुलांना ते फार आवडले.

वंदना झाली आणि आम्ही नेहमीप्रमाणे बोलायला उभे राहिलो. नामविस्ताराचा संदर्भ होताच. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळाले. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळली, माणसे गेली. तेव्हा नाव ही साधी गोष्ट नव्हे. इथपर्यंत ठीक होते. मग आम्ही आमच्या ठरलेल्या वाक्यावर आलो, की या डोंगराचेही नाव असेच हिरावले गेले, त्याला कृष्णाचे नाव दिले गेले.

“काका, तसं नाहीये ते.”

बोलणारी आमच्याच एका कार्यकर्त्याची मुलगी. पालि विषय घेऊन एम.ए. करते. आवाज बारीक, पण लेण्यात बारीक आवाजही घुमतो. अडतीस माणसे ऐकत होती. आम्ही पडलो कारकून. टेबलावर कागद आला की आधी जोडलेले व्हाउचर पाहायचे, ही पंचवीस वर्षांची सवय. तेव्हा जरा चढ्या स्वरातच म्हणालो, “दाखला काय?”

तिने पिशवीतून झेरॉक्स काढल्या. डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांवर लिहिलेल्या पुस्तकातली ती पाने होती. तिचे म्हणणे असे. इथल्या जुन्या ब्राह्मी लेखांत, म्हणजे सातवाहनांच्या काळातच, डोंगराचे नाव ‘कण्हसेल’ असे येते. सेल म्हणजे शैल, डोंगर. आणि कण्ह म्हणजे काळा. पालि-प्राकृतात हा रोजचा शब्द आहे. धम्मपदाच्या पंडितवग्गात कण्ह आणि सुक्क, म्हणजे काळे आणि पांढरे, अशी जोडीच येते. देवाशी त्याचा संबंध नाही. संस्कृतात लिहायची पद्धत पडली तेव्हा कण्हचे कृष्ण झाले, आणि डोंगर कृष्णगिरी झाला. बोलण्यात कण्हगिरी आणि मग कान्हेरी.

आम्ही म्हणालो, “पण संस्कृत नाव तर बाहेरच्यांनीच दिले ना?” हा आमचा शेवटचा आधार.

तर तिने ताम्रपटाचे सांगितले. याच चैत्यगृहासमोर पूर्वी एक दगडी स्तूप होता. १८३९ साली जेम्स बर्ड नावाच्या इंग्रज डॉक्टराने तो उकरला. आत तांब्याचे करंडे आणि एक ताम्रपट निघाला. त्यावर त्रैकूटकांच्या राज्यातले २४५ हे वर्ष होते, म्हणजे इ.स. ४९४-९५. सिंधू देशातील कनक गावाचा बुद्धरुची नावाचा उपासक इतक्या दूर आला आणि त्याने भगवान बुद्धांचा अग्रश्रावक सारिपुत्त याच्या नावे चैत्य बांधला. कुठे बांधला, तर कृष्णगिरीच्या महाविहारात. असे तो स्वतः म्हणतो. पुढे नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या अमदानीतले लेख आहेत, त्यांतही कृष्णगिरी. त्यांतल्या एकात गौड देशाच्या, म्हणजे बंगालकडच्या, अविघ्नाकर नावाच्या उपासकाने भिक्षूंच्या ध्यानाच्या खोल्या आणि चीवरे यांसाठी शंभर द्रम्म दिल्याची नोंद आहे. वर्ष इ.स. ८५३-५४.

म्हणजे ज्या नावाला आम्ही पंधरा-सोळा वर्षे शत्रूचे नाव म्हणत होतो, ते आमच्याच भिक्षूंनी आणि उपासकांनी निदान सहा-सातशे वर्षे वापरलेले नाव निघाले. काळ्या दगडाचा डोंगर म्हणून काळा डोंगर. पावसाळ्यात तो कसा काळाभोर दिसतो हे आम्ही स्वतः कितीदा पाहिले आहे!

खोटे कशाला सांगावे, आम्हाला राग आला. चूक निघाल्याचा आला, आणि ती मुलांसमोर निघाली म्हणून जास्त आला. आम्ही भाषण तिथेच गुंडाळले आणि पुढे चालू लागलो. दरबार लेण्यापर्यंत आम्ही कोणाशी धड बोललो नाही. सौभाग्यवती मागून एवढेच म्हणाल्या, “पाणी तरी प्या.”

आता वरची वाट. तीन नंबरपासून घळीच्या बाजूने खडकात कोरलेल्या पायऱ्या वर जातात. शंभरावर लेणी या पायऱ्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. कोणी विहार राहण्याचे, कोणी एका माणसापुरते. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या तोंडाशी पाण्याचे टाके आहे आणि वरच्या उतारावरून पाणी त्यात यावे म्हणून खडकात चर काढलेले आहेत. नळाच्या पाण्यासाठी पहाटे चारला उठलेल्या आमच्या उपासिका त्या टाक्यांपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. अकरा नंबरच्या दरबार लेण्यात लांब दगडी बाके आहेत, पंक्तीत बसावे तशी. एक्केचाळीस नंबरात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. नव्वद नंबरात पारशी मंडळींनी आपल्या भेटीचे लेख पहलवी लिपीत कोरून ठेवले आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ चे. त्याच्या खाली-वर आजच्या प्रेमी जोडप्यांची नावे आहेत. आणि हे लिहिणे कडू असले तरी लिहितो, एका कठड्यावर आपल्याच एका मंडळाचे नाव ऑइलपेंटने लिहिलेले आम्ही पाहिले. मेणबत्ती-अगरबत्तीचे तेच. लेण्याच्या आत ती लावू नये. धुराने दगडावर काजळी धरते, आणि ती पुसताना कोरीव कामच झिजते.

दरबार लेण्याच्या पुढे एका वळणावर आजी बसल्या. आम्हीही बसलो. बोलायचे नव्हतेच कोणाशी. आजी पायरीच्या कडेवरून बोटे फिरवत होत्या. म्हणाल्या, “हे बघ, टाकीचे घाव. सरळ नाय मारलेला, तिरपा मारलाय. सरळ मारला की कपची उडते डोळ्यात. माझ्या बाचा एक डोळा तसाच गेला.” मग थोड्या वेळाने, “ह्यांचे किती गेले असतील?”

ती मुलगी मागून येत होती. ती आजींच्या शेजारी टेकली आणि तिने सांगितले, की इथे एक लेख असा आहे ज्यात लेणे दिलेले नाही, टाके दिलेले नाही, मूर्ती दिलेली नाही. त्यात वाट दिलेली आहे. देणारा कल्याणचा लोहार, नाव नंद.

“लोहार?” आजींनी पुन्हा विचारून घेतले. “म्हणजे वाट पन कामकऱ्यानंच केली म्हणायची.”

आमचा राग तिथे उतरला. सहली, व्याख्याने, पत्रके करून इतकी वर्षे आम्ही लोकांना सांगत होतो की आपले काय काय नेले. पण काय आहे ते आम्ही वाचलेच नव्हते. दान देणाऱ्यांत कल्याणचे सोनार आहेत, सोपारा आणि चेऊलचे व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, आणि वाट करून देणारा लोहार आहे. एका लेखात मंगलस्थान येथील शेत विहाराला दिल्याचे आहे. ते मंगलस्थान म्हणजे आजचे मागाठाणे. आमच्या शाखेची निम्मी माणसे तिथून रोज जातात. मेट्रो त्या नावाच्या स्थानकावर थांबते तेव्हा दोन हजार वर्षांच्या आतबाहेरचे नाव भोंग्यातून ऐकू येते, याची आम्हाला दाद नव्हती.

याचा अर्थ नावे कधी बदललीच नाहीत असा कोणी काढू नये. बदलली आहेत. अंधेरीच्या कोंडिवट्याची बौद्ध लेणी सर्रास महाकालीच्या नावाने ओळखली जातात. नाशिकचा त्रिरश्मी, जो तिथल्या लेखांत ‘तिरण्हु’ आहे, तो शेकडो वर्षे पांडवलेणी म्हणून सांगितला गेला. कार्ल्याचे लेखांतले नाव वलूरक, ते कितीजणांना माहीत आहे? बाबासाहेबांना नावाचे मोल कळत होते, म्हणूनच १९४६ साली मुंबईत काढलेल्या कॉलेजला त्यांनी सिद्धार्थ हे नाव दिले. त्या तक्रारी खऱ्या आहेत आणि आम्ही त्या करीतच राहू. पण दहा खऱ्या तक्रारींत एक खोटी घातली की समोरचा तीच बोटात धरतो आणि बाकीच्या नऊ फेकून देतो. हिशेबतपासनीस हेच करतो, हे आम्हाला नोकरीत चांगले माहीत आहे. एका खोट्या बिलापायी सगळी फाईल अडकते.

माथ्यावर आम्ही साडेबाराच्या सुमारास पोचलो. तीन नंबरपासून मुलाबाळांसह दीड तास धरावा. आजीसुद्धा आल्या, शेवटचे कातळ दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून. वर उघडा काळा खडक, कडेने वाळलेले गवत. आत, पूर्वेला, जंगल आणि तुळशीचे पाणी. त्या बाजूने पलीकडे उतरण्याचा मोह होतो, पण तिकडच्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते आणि जंगल बिबट्याचे आहे. तेव्हा आल्या वाटेनेच परतावे. पावसाळ्यात घळीत उतरू नये. शेवाळ असते आणि पाणी अचानक वाढते. याच उद्यानात जांभूळमाळ म्हणून याहून उंच जागा आहे, ४६८ मीटरची. पण आपल्याला ज्यासाठी वर यायचे ते इथून दिसते.

पश्चिमेला बोरिवलीच्या इमारती, त्यांच्या पलीकडे खाडी, आणि तिच्यापुढे धुक्यात विरघळलेली समुद्राची रेघ. उत्तरेला वसईची खाडी. खाडीपलीकडे सोपारा, जिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले आणि जिथला स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला. खाडीच्याच आतल्या अंगाला, पूर्वेकडे कल्याण. सोपारा आणि कल्याण ही बंदरे, आणि मधे हा काळा डोंगर. गलबतावरच्या माणसाला किनारा जवळ आल्याची पहिली खूण डोंगराचीच. पोर्तुगीजांनाही हा डोंगर खुणावत होता. त्यांचा इतिहासकार कूतो लिहून गेला आहे की, इथले एक भुयार थेट खंबायतपर्यंत जाते असे ऐकून एक पाद्री वीसेक माणसे घेऊन आत शिरला आणि सात दिवस चालून हात हलवीत परत आला. मुलांनी ही गोष्ट तीनदा सांगायला लावली.

गोराईकडे काहीतरी सोनेरी चमकत होते. मुले म्हणाली पॅगोडा. आमचे अध्यक्ष म्हणाले कुणाच्या तरी गच्चीवरची पाण्याची टाकी. त्यावर बराच वाद झाला, पण दुर्बीण कोणीच आणली नव्हती.

उतरताना सत्त्याऐंशी नंबरकडे वळलो. मोठी खडकाची कपार आहे, तिच्याखाली विटांच्या लहान लहान स्तूपांच्या बैठका, ओळीने. इथे राहून गेलेल्या थेरांचे हे स्मारकस्तूप. गोखले बाईंनी यांवरच्या लेखांचाही अभ्यास केला आहे. पौर्णिमेच्या गर्दीतला एकही माणूस इकडे येताना आम्ही कधी पाहिला नव्हता, आणि त्यात आम्हीही आलोच. आजींनी चप्पल काढली. बाकीच्यांनीही काढली. तिथे कोणी भाषण केले नाही.

बसची वाट पाहताना आम्ही त्या मुलीला म्हणालो, “बाई, चुकलं आमचं. पत्रकात छापलं होतं, तेव्हा दुरुस्तीही छापूनच द्यावी लागेल.” ती म्हणाली, “काका, तुम्ही दाखला मागितला म्हणून मला सांगता आलं. बाबांनी तर गप्प बस म्हणून चिमटा काढला होता.”

ज्या सातएकशे घरांत ते पत्रक गेले असेल, त्यांनी तिसऱ्या पानावरचा दुसरा परिच्छेद कृपया काटावा. डोंगराचे नाव कण्हसेल, कृष्णगिरी, कान्हेरी. अर्थ काळा डोंगर. नाव आपलेच आहे.

माळ्यावरचा गठ्ठा आम्ही खाली काढला. तीनशेच्या आसपास प्रती आहेत, चौथे पान कोरे. फेब्रुवारीपासून दर रविवारी सकाळी विहारात ती मुलगी लहान मुलांना ब्राह्मी शिकवते, तिला त्या देऊन टाकल्या. मुले पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर अक्षरे गिरवतात. आमच्या धाकट्याने परवा ‘क’ काढला. ब्राह्मीतला क अगदी सोपा, अधिकाच्या चिन्हासारखा. ‘ण्ह’ त्याला अजून जमत नाही.